सासूचा उजवा कान

दिराने हेडफोन स्वतःच्या कानांवरून काढला, डावी बाजू उजवीकडे फिरवून सासूच्या डोक्यावर चढवला आणि टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. सासू ओटीवर पाटावर बसली होती. थोडा वेळ तिच्या तोंडावर काहीच दिसलं नाही. मग तिने हाताने उजवी वाटी कानावर दाबून धरली आणि बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात, टेपरेकॉर्डरकडे बघून म्हणाली, "अरे, मंग आन ना तिला. मी कशाला नाय म्हनू? नर्स हाय तर बराच झाला, घरातल्या घरात सुई टोचंल."

दीर तिच्या समोरच उभा होता. टेपमधला प्रश्न त्याने वर्षापूर्वी विचारला होता. त्या मुलीचं लग्न दुसरीकडे होऊन गेलं होतं.

ओटीवर शेजारच्या दोन बायका होत्या, दिरासाठी स्थळ घेऊन आलेल्या. माझा नवरा दारात उभा होता. कोणीच माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या हातात चहाचं ताट होतं. ते मी तसंच आत नेलं आणि सरळ ठेवलेले कप पुन्हा सरळ करत बसले.

हेडफोन मी आणला होता. म्हणून हे मीच सांगायला हवं.

आम्ही अर्नाळ्याचे, मासेमारीवर जगणारे. नवरा होडीवर जायचा, मी मासे विकायचे आणि उरलेले सुकवायचे. धाकटा दीर आखातात एका कंपनीच्या बोटीवर कामाला होता. त्या वेळी फोन महाग. घरात फोन नव्हताच, वाण्याच्या दुकानात होता. सासूला वाचता येत नव्हतं आणि मी चौथीपर्यंत शिकलेली. त्यामुळे दीर पत्र न लिहिता कॅसेटमध्ये बोलायचा आणि गावचा कोणी सुट्टीवर येत असला की त्याच्या हाती ती पाठवायचा. तिकडे गेलेले सगळेच असं करत. कॅसेट आली की शेजारपाजार ओटीवर जमायचा. दीर प्रत्येकाचं नाव घेऊन विचारपूस करायचा. ज्याचं नाव राहिलं तो रुसायचा.

सासूला कमी ऐकू यायचं. तिच्यासाठी आवाज इतका मोठा करावा लागे की आळीच्या टोकाला बसलेली म्हातारीसुद्धा मध्येच उत्तर द्यायची. एकदा दिराने कर्जाचा विषय काढला आणि संध्याकाळी बाजारात तीन बायकांनी मला त्यावर सल्ला दिला. तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, आजीला हेडफोन घे ना. तिचं ती ऐकेल." मुलगी दहावीला होती. तिला स्वतःलाही तो हवा होता, इंग्रजी शिकायच्या कॅसेटी ऐकायला. निदान मला तसं सांगितलं होतं. नवरा म्हणाला, "मना पन दे एक, होडीवर क्रिकेट आयकीन." मी त्याला सांगितलं, पाण्यावर कान झाकून बसणारा माणूस घरी परत येत नाही. तो हसला.

विरारला स्टेशनजवळच्या बाजारात एक दुकान होतं. रेडिओ, टेप, घड्याळं, सगळं एकाच काचेखाली. दुकानदार उतारवयाचा, शांत माणूस. त्याने विचारलं, "कोणाला पाहिजे?"

मी म्हटलं, "घरात सगळ्यांना."

"असं नसतं, मावशी. मुलीला अभ्यासाला पाहिजे तर हा हलका घ्या, तासभर घातला तरी कान दुखत नाही. आजीला हा मोठा, कान पूर्ण झाकणारा, म्हणजे आवाज बाहेर जाणार नाही. दोन साधे घ्या, तुमच्या पैशात बसतील. आणि आजीला एकदा घेऊन या. कुठला कान चांगला आहे ते बघून देतो."

मी म्हटलं, "कान तो कान. मला शिकवू नका."

मी एकेक हेडफोन हातात घेऊन तोलून बघितला. चिंबोरी, म्हणजे खेकडी, अशीच घेतात. हाताला हलकी लागली तर आत पाणी, जड लागली तर भरलेली. जन्मभर मी तशीच घेतली आणि तशीच विकली, कधी फसले नाही. एक काळा हेडफोन चांगला जड लागला. दुकानदार म्हणाला, "तो घेऊ नका. दिसायला आहे नुसता." मला वाटलं, चांगला माल हा दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी ठेवतोय. आम्ही बाजारात तेच करतो, म्हणून दुसराही तेच करत असणार असं वाटलं. भाव पाडून मी तोच घेतला. दोन साध्यांऐवजी एक भारी. एसटीत बसल्यावर तो मांडीवर काढून ठेवला, दिसला पाहिजे म्हणून.

महिनाभर तो बरा चालला. सासूने त्यात भजनं ऐकली, मान डोलावली, माझं कौतुकही केलं. मी बाजारात सगळ्यांना सांगितलं की सासूसाठी हेडफोन आणला. एकीने म्हटलं, "तू तर सून नाय, लेक हायस." ते मी खुशाल ऐकून घेतलं.

ऐकणं झालं की मी त्याची वायर टेपरेकॉर्डरभोवती गुंडाळून ठेवायचे. दोरी गुंडाळायची तर ताणून, प्रत्येक वेढा दाबून, म्हणजे गुंता होत नाही, हे लहानपणापासून हाताला माहीत. वायरीलाही मी तेच केलं. मुलीने दोनदा सांगितलं, "आई, सैल गुंडाळ, आतून तुटते." मी म्हटलं, "जाळी मी सांभाळते का तू?"

मग एका बाजूचा आवाज गेला. मुलगी म्हणाली, "उजव्या बाजूने येत नाही. दुकानात नेऊया." मी नेला नाही. जो माल नको असं दुकानदार म्हणाला, तो त्यालाच पुन्हा दाखवायला मला लाज वाटत होती. मी म्हटलं, "एका बाजूने येतंय ना? आजीला तेवढं पुरे."

मुलीने तो हेडफोन पुन्हा हातात घेतला नाही. मैत्रिणीकडून एक लहानसा मागून आणला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दिराची ती कॅसेट आली. पहिली बाजू सगळ्यांनी ऐकली. शेवटी तो म्हणाला, "दुसरी बाजू फक्त आयेने ऐकायची. बाकी कोनी नाय." बायका हसल्या, उठून गेल्या. एक जाताना म्हणाली, "काय तरी हाय बाई ह्याच्या मनात." मी कॅसेट उलटी करून घातली, हेडफोन सासूच्या डोक्यावर बसवला आणि परसात गेले. मासे सुकवायच्या वलांडीवर बोंबील टांगलेले होते आणि आभाळ भरून आलं होतं.

चार बोंबील उतरवले नाहीत तोच सासूने हाक मारली. "अगो, काय आयकू येत नाय."

मी हात पुसत आले. एक वाटी माझ्या कानाला लावली. दिराचा आवाज स्वच्छ येत होता. "आये, तुला एक विचारायचं हाय," एवढं ऐकलं आणि परकं बोलणं नको म्हणून लगेच कान काढला. मी लावून बघितली ती डावी वाटी. दुसरी लावून बघितली नाही.

मी तिला म्हटलं, "बोलतोय की चांगला. तुला आता देव जरी कानात येऊन बोलला ना, तरी म्हनशील आयकू येत नाय. किती भारी आणला तुझ्यासाठी, तरी तुझं रडगाणं आहेच."

मी ती बाजू पहिल्यापासून लावली, हेडफोन पुन्हा तिच्या डोक्यावर बसवला आणि बोंबलांकडे गेले. परत आले तेव्हा कॅसेट संपून बटण वर आलं होतं. सासू तशीच, हेडफोन घालून बसली होती.

"ऐकलास?"

"आयकला," ती म्हणाली. "बरा हाय तो."

महिन्याने वाण्याच्या दुकानात दिराचा फोन आला. नवरा होडीवर, म्हणून मी गेले. त्याने विचारलं, "वैनी, आयेने दुसरी बाजू आयकली?"

"ऐकली. मीच लावून दिली हेडफोन."

"पुरी?"

"पुरी. शेवटपर्यंत."

"काय बोलली?"

"काय नाही. बरा आहे म्हणाली."

तो बराच वेळ गप्प होता. त्याच्या फोनचे पैसे चाललेत म्हणून मीच म्हटलं, "ठेव आता." त्याने ठेवला.

पुढे कळलं ते असं. त्या कॅसेटमध्ये त्याने सांगितलं होतं की तिकडच्या हॉस्पिटलात केरळची एक नर्स आहे, आपल्या जातीची नाही, आपल्या देवाची नाही, पण दोघांचं ठरलंय. "आये, तुझी हरकत नसंल तर वैनीला सांग, ती मना कळवंल. तू गप राहिलीस तर मी समजंन तुला नको, आणि तुला नको तर मना पन नको." फोनवर मी त्याला जे सांगितलं, त्यातून त्याला त्याचं उत्तर मिळालं. मुलीच्या घरच्यांनी वाट बघितली, मग दुसरं स्थळ केलं.

वर्षाने तो सुट्टीवर आला. शेजारच्या बायका स्थळ घेऊन आल्या तेव्हा तो हसत म्हणाला, पण हसू काही खरं नव्हतं, "आयेला विचारा. तिला पसंत पडली पायजे. एक तर तिला नकोच झाली."

सासूला काही ऐकू गेलं नाही. तिने विचारलं, "काय बोलतो?" त्याने तिच्या जवळ बसून पुन्हा सांगितलं. तो उजवीकडे बसला, हे मी तेव्हा बघितलं. सासू म्हणाली, "कोन नर्स?"

मग त्याने कॅसेट मागितली. सासूने ती तिच्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या घडीत ठेवली होती. त्याने हेडफोन आधी स्वतःच्या कानांना लावला, एक बाजू ठोकून बघितली आणि विचारलं, "ही कधीपासून मुकी हाय?" मुलगी आतून म्हणाली, "कधीचीच. आईला माहीत आहे." तेव्हा त्याने तो काढला, आईच्या डोक्यावर उलटा घातला. पुढचं वर लिहिलं आहे. त्याला काही विकत आणावं लागलं नाही, काही दुरुस्त करावं लागलं नाही. नुसता फिरवून घालायचा होता.

सासूचा डावा कान लहानपणी गोवरात गेला होता. उजवा पुष्कळ चांगला होता. हे दिराला माहीत, माझ्या नवऱ्याला माहीत. मी लग्न होऊन आल्यापासून त्या घरात होते. बोंबील टांगायला, जवळा निवडायला मी रोज तिच्या डावीकडे बसायचे. मी बोलले की ती सगळी मान वळवून बघायची. मला वाटायचं, हिला माझ्यावर डोळे वटारायची सवय आहे. मी ओरडून बोलायचे आणि लोकांना सांगायचे, ठार बहिरी आहे. एकदाही उठून दुसऱ्या बाजूला बसून बघितलं नाही.

बायका गेल्यावर मी सासूला विचारलं, "मग ऐकला असं का म्हणालीस?"

ती म्हणाली, "तू रागावलीस ना. आन मना वाटला, आला की तोंडानं सांगंल."

दोन दिवस जेवताना नवऱ्याने माझ्या हातून भात घेतला नाही, स्वतः वाढून घेतला. दीर ओरडला नाही. ओरडला असता तर मी भांडले असते, भांडायला मी कमी नाही. तो म्हणाला, "जाऊ दे वैनी," आणि हेडफोन उघडून वायर जोडायला बसला. आतून लोखंडाची एक चपटी पट्टी निघाली. कसल्याही कामाची नाही, नुसती वजनाला घातलेली. त्याने ती माझ्यासमोर ठेवली नाही, बाजूला टाकली. मी नंतर उचलून बघितली. ओलसर बोंबील वजनाला जड भरतात म्हणून मीही कधीकधी ते पूर्ण न सुकवता विकलेत. तेव्हा गिऱ्हाइकाला काय वाटत असेल याचा विचार केला नव्हता.

सुट्टी संपायच्या आधी तो विरारला जाऊन आईसाठी साधा, हलका हेडफोन घेऊन आला. त्याच दुकानातून. दुकानदाराने त्याला माझ्याबद्दल काही सांगितलं का, मी विचारलं नाही. सासू पुढे बरीच वर्षं तो वापरत होती. दिराच्या कॅसेटी येत राहिल्या, पण दुसरी बाजू नेहमी कोरीच असायची.

त्याने लग्न केलं नाही. बायका आल्या, स्थळं आली, तो नको म्हणाला. मी एकदा माफी मागायला तोंड उघडलं तर त्याने भाजीत मीठ कमी आहे असं सांगितलं. पुन्हा मी तो विषय काढला नाही. लाज अजून वाटते.

सासू गेली, नवरा गेला. मुलगी लग्न होऊन नालासोपाऱ्याला आहे, तिला त्यातलं फारसं आठवत नाही. दीर आखातातून कायमचा परत आला आणि आमच्याकडेच राहतो. आता त्यालाही कमी ऐकू येतं. जेवताना मी त्याच्या उजवीकडे बसते, कारण त्याचा तो कान चांगला आहे. हे मी त्याला विचारून घेतलं. त्या दुपारी ओटीवर जी घरची माणसं होती, त्यातली आता घरात तो आणि मी, दोघंच आहोत.