दिवसा झोपण्याची परीक्षा

जेवायला वाढत होते. भावाने शेजारच्या काकांच्या शिंकेची नक्कल केली, मी खळखळून हसले आणि गुडघ्यांतून खालीच गेले. वरणाचं पातेलं फरशीवर. शुद्धीवर होते, सगळं ऐकू येत होतं. पण पायांत जीवच नव्हता.

"हसूच नको ना मग," आई म्हणाली.

त्याच्या जोडीला दिवसाची झोप. बुऱ्हाणपूरच्या एका खाजगी शाळेत शिकवत होते. फळ्यावर लिहिता लिहिता डोळा लागायचा आणि अक्षरांच्या रेघोट्या व्हायच्या. रात्रभर झोपूनही. घरात सगळे आळशी म्हणायचे. एका डॉक्टरांनी रक्त कमी सांगितलं, म्हणून टॉनिक प्यायले. काकूने खकनार गावाहून ताईत आणून दंडाला बांधला.

पुढे तापासाठी एका नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि बाहेर बाकावरच झोपले. त्यांनी स्वतः येऊन उठवलं. तपासता तपासता विचारलं, "हसल्यावर पाय जातात का?"

"जातात," मी म्हणाले. हे मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

"हा आळस वाटत नाही मला," त्या म्हणाल्या. "इंदूरला स्लीप क्लिनिकमध्ये झोपेची तपासणी करून या."

काकू भडकली. "लग्नाची पोरगी तू! झोपेचा रिपोर्ट काढून गल्लीत वाटशील का? लोक तर नुक्स काढायला बसलेच आहे."

"ताईत गल्लीभर दिसला तो चालला. रिपोर्टचीच लाज का?" मी ताईत सोडून तिच्या हातात दिला. आई इंदूरच्या बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसली.

रात्री डोक्याला वायरी लावून झोपवलं. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती, दिवसा किती लवकर झोप लागते त्याची. दर दोन तासांनी तंत्रज्ञ यायची, पडदा ओढायची आणि म्हणायची, "मॅडम, आता झोपा." ज्यासाठी जन्मभर बोलणी खाल्ली, तेच आता करून दाखवायचं होतं.

"मी पदर नीट करेपर्यंत तू झोपलीससुद्धा," आई दुपारी म्हणाली. मग हळूच, "आणि मी तुला तोंडावर पाणी मारून उठवायचे."

मी 'असू दे' म्हणाले नाही. तसं वाटतच नव्हतं.

नार्कोलेप्सी निघाली. झोप आणि जाग यांच्यातलं दार मेंदूला नीट लावता येत नाही, हसताना पाय जातात तेही त्यामुळेच, असं डॉक्टर म्हणाले. पूर्ण बरं होणार नाही; पण औषधं आणि दुपारची ठरवून घेतलेली डुलकी, एवढ्यावर निभेल. डॉक्टर सांगेपर्यंत स्कूटी मात्र बंद. हे मला फार लागलं.

शाळेत डुलकीसाठी वेळ मागितला, तर मुख्याध्यापक म्हणाले, "ही धर्मशाळा नाही." मी रिपोर्ट टेबलावर ठेवला. "मग डुलकीची परवानगी नाही, असं लिहून द्या." त्यांनी लिहून दिलं नाही. मधल्या सुट्टीनंतरचा तास तेवढा रिकामा करून दिला.

मग जळगावहून पाहुणे आले. मुलाच्या आईने विचारलं, "मुलीला काही आजारबिजार?"

"नाही हो, एकदम फिट," काकू म्हणाली.

"आहे," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं. पाय जातात तेही.

पाहुणे चहा संपवून उठले. दार लागताच काकू कडाडली, "तोंड बंद ठेवता येत नव्हतं?"

"खरं तेच बोलली ती, वहिनी," आई म्हणाली. "पुढच्या पाहुण्यांना मीच सांगणार आहे."

पुढचे पाहुणे अजून आलेले नाहीत. मीही वाट बघत बसलेली नाही.