यॉर्कशरची मोलकरीण, गुंगालिनचा ओव्हन

"बिचारीला साधं बसून जेवूसुद्धा द्यायचे नाहीत गं," सोफ्यावरून कुणीतरी म्हणालं आणि बाकरवडी तोंडात टाकली.

बिचारी म्हणजे कादंबरीतली मोलकरीण. दीडशे वर्षांपूर्वीच्या यॉर्कशरमधली, कोवळ्या वयाची, एका मोठ्या घराच्या तळघरात भांडी घासणारी. इथे परदेशात, गुंगालिनमधल्या आमच्या मराठी बायकांच्या वाचनगटाने त्या महिन्यात ती वाचली होती. पुस्तक मीच सुचवलं होतं. इंग्रजी शाळेतली म्हणून इंग्रजी पुस्तकाची ओळख करून देण्याचं काम माझ्याकडे येतं. मी कागदावर लिहून नेते, मान खाली घालून वाचते आणि गप्प बसते.

मला असल्या कादंबऱ्या मनापासून आवडतात. जुन्या इंग्लंडमध्ये चादरी कशा उकळायच्या, पहाटे शेगड्या कोण पेटवायचं, थंडीने सुजलेल्या बोटांना बायका काय लावायच्या, मला सगळं ठाऊक आहे. पुण्याला आमच्याकडे बारा वर्षं भांडी घासायला येणाऱ्या मावशींचं आडनाव मात्र मला सांगता येणार नाही.

सोफ्यापासून दहा पावलांवर, मधे भिंत नसलेल्या स्वयंपाकघरात, एक मुलगी गुडघ्यांवर बसून ओव्हनमधली जुनी चरबी खरवडत होती. काळे ओले गोळे निघत होते, ते ती वर्तमानपत्रावर ठेवत होती. ओव्हन क्लीनरचा उग्र वास आणि वेलदोड्याच्या चहाचा वास एकत्र झाला होता. "तिला फक्त रविवार जमतो, चालेल ना गं सगळ्यांना?" यजमानताईंनी सुरुवातीलाच विचारलं होतं. सगळ्यांना चाललं होतं.

ती मुलगी नेपाळची. माझ्याच युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, शिकते. गेलं दीड वर्ष आम्ही दोघी एका खोलीत राहतोय. हे त्या घरात कुणालाही माहीत नव्हतं. ताईंनी ग्रुपवर क्लीनर विचारली तेव्हा नंबर मीच दिला. "तुझ्या ओळखीची आहे का?" असं त्यांनी विचारलं, तर मी लिहिलं, "युनीत पाहिलंय." खरं लिहिलं असतं तर 'कुणाबरोबर राहतेस, बाथरूम एकच का, आईला माहीत आहे का' हे सगळं आलं असतं. आईपर्यंत पोचायला त्यांना एक फोन पुरला असता.

त्या दुपारी आम्ही एकाच ट्रामने आलो. मी एक स्टॉप आधी उतरले. "जरा चालते," म्हटलं. बाहेर सहा डिग्री होतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ठीक है." घरात शिरल्यावर तिने मला ओळख दाखवली नाही. तसं मी सांगितलं नव्हतं. तिचं तिलाच कळलं होतं.

"आणि पुस्तकातल्या त्या मालकिणीने तिचा चमचा वेगळा ठेवलेला! लाल दोरा बांधून!"

"वरवर एवढे मॅनर्स, आणि आत बघा."

"माणुसकीच नाही ना त्यांच्यात."

"मी तर रडले बाई. आमचे हे म्हणाले, रडतेच आहेस तर कांदे चिरून घे."

सगळ्या हसल्या. मीही हसले, असं आठवतं.

तेवढ्यात ताईंची मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली. पंधरा वर्षांची, जन्म इथलाच. कप कमी पडले म्हणून मिळेल ते कप तिने काढले होते. मला एक जाड तपकिरी मग आला, कडेला टवका उडालेला. बोलायचं टाळण्यासाठी मी चहा पीत राहते, त्यामुळे माझा अर्धा संपलासुद्धा.

"अगं थांब! पिऊ नकोस!" ताई अक्षरशः धावत आल्या. माझ्या हातातला मग त्यांनी काढून घेतला. "हा कुठून काढलास तू?"

"Under the sink. Why?"

"तो तिचा आहे." 'तिचा' म्हणताना आवाज उतरला आणि डोळे ओव्हनकडे गेले.

"It's a mug, Mum."

"तुला नाही कळायचं. वेगळा ठेवलाय तो."

त्यांनी चहा सिंकमध्ये ओतला. नंतर दोन बोटांनी धरून तो मग खाली फिनेलच्या बाटलीशेजारी ठेवला आणि हात धुतले. साबण लावून.

"चूळ भर गं पटकन," एकीने मला सांगितलं. दुसरी म्हणाली, "काही होत नाही, चहा उकळता होता ना, मरतं सगळं." पुन्हा हशा. ताई उदारपणे म्हणाल्या, "तशी स्वच्छ असते ती. पण आपल्याला लहानपणापासूनची सवय."

सवय मलाही होती. आमच्याकडे मावशींचा स्टीलचा पेला मोरीजवळच्या खिडकीत असायचा. पाच-सहा वर्षांची असताना मी त्यातून पाणी प्यायले, तेव्हा आईने ओल्या फडक्याने माझी जीभ पुसली होती. किळस मला तेव्हाही आली होती, पण त्या पेल्याची. आता समोर हात पुसणाऱ्या ताईंची येत होती, त्या हसणाऱ्या तोंडांमधल्या बाकरवडीच्या चुऱ्याची येत होती. आणि स्वतःची तर सगळ्यात जास्त. एक स्टॉप आधी उतरून आले होते मी. माझ्या हातात नेमका लाल दोराच होता.

ओव्हनमधला खरवडण्याचा आवाज थांबला होता. तिला मराठी कळतं. माझे आईशी होणारे फोन ऐकून ऐकून शिकलीय. सकाळी "ऊठ गं, उशीर झाला" असं मला तीच उठवते. ती वळली नाही. नुसती पाठ दिसत होती, टी-शर्टवर घामाचा डाग, आणि हातातला स्क्रेपर तसाच धरलेला. ती काही बोलणार नव्हती. संध्याकाळी घरी येऊनही बोलली नसती, हे मला पक्कं माहीत होतं. नुसतं आपलं ताट वेगळं वाढून घेतलं असतं.

ताईंनी निळ्या फुलांच्या कपात नवा चहा आणला. "घे, हा चांगला आहे."

मी हात पुढे केला नाही. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. माझे कान तापले. आवाज निघेल की नाही याची खात्री नव्हती, आणि निघाला तो नको तेवढा मोठा.

"ताई, ती आणि मी एका खोलीत राहतो. आज सकाळी एकाच ताटात जेवून आलोय आम्ही."