चाळीस मिनिटं

परवा घड्याळाला चावी देताना तेलाचा वास आला आणि कल्याणची तळ्याजवळची आमची चाळ आठवली. वडील रेल्वेत, म्हणून आमचं घड्याळ स्टँडर्ड टाइमाचं. शेजारच्या मैत्रिणीचे आजोबा मात्र हट्टी; स्वराज्य आलं तरी त्यांच्या भिंतीवर जुना मुंबई टाइमच, आमच्यापेक्षा चाळीस मिनिटं मागे. नियम दोन्ही घरी एकच, सातला घरात. आमचे सात वाजले की आई मला आत घ्यायची आणि ही बया अंगणात आणखी चाळीस मिनिटं लंगडी खेळायची! खिडकीतून बघताना माझ्या पोटात नुसतं दुखायचं. एकदा त्यांच्याकडे विरजण मागायला गेले, तर खोलीत कुणी नव्हतं. स्टुलावर चढले आणि घड्याळाचा काटा चाळीस मिनिटं पुढे सारला. आजोबांना वाटलं मुलानं, म्हणजे मैत्रिणीच्या वडिलांनी केलं; मुलाला वाटलं आजोबा नमले. दोघांत बोलणं कमीच, त्यामुळे विचारलं कुणीच नाही. त्या संध्याकाळी माझ्याबरोबर तिलाही हाक आली, "अगं, सात वाजले, चल आत!" मला जेवण गोड लागलं. सकाळी शाळेत गेले, तर ही माझ्याआधी हजर! शाळा स्टँडर्ड टाइमाची, म्हणून रोज उशिरा येऊन दाराशी उभी राहणारी ती आज पहिल्या बाकावर, माझ्या जागेवर बसलेली. बाई म्हणाल्या, "शाबास गं! आजपासून प्रार्थना तूच सांगायची." वर्षभर तिनंच सांगितली. आमच्या सुनेचं घड्याळ हल्ली मागे पडतं. मला रोज दिसतं, पण मी तोंड उघडत नाही.