घडी न मोडलेला एप्रन

एप्रन घातलेला माणूस दिसला की मार्थाबाई आधी त्याच्या मागे जायच्या आणि बंद ओढून बघायच्या. मग तो टपरीवरचा चहावाला असो, दवाखान्यातला कंपाउंडर असो, की आमच्या शाळेतले प्रयोगशाळेचे सर. एका हिसक्यात एप्रन निघाला तर "बरं हाय" म्हणून पुढे चालायला लागायच्या. नाही निघाला तर त्या माणसाला तिथेच उभं करून गाठ सोडायला लावायच्या. माझी त्यांची पहिली भेट अशीच झाली. मी शाळेत खिचडी वाटत होते आणि मागून कोणीतरी मानेला हिसका दिला. वळून बघितलं, तर साठीच्या एक उंच, काटक बाई माझ्याकडे रागाने बघत होत्या.

"गळ्यात निरगाठ मारलीय बाई तुमी. पेट घेतला तर सोडनार कोन, मी?"

त्या श्रीरामपुरात एमआयडीसीतल्या वेल्डिंगवाल्यांसाठी चामड्याचे एप्रन शिवत. बंद पाठीवर फुलीसारखे घालायचे आणि कमरेला एकाच ओढीत सुटतील असे बांधायचे, ही त्यांची पद्धत. खिसा मात्र कधीच लावायच्या नाहीत. पेन, मोबाईल ठेवायला खिसा हवा म्हणून पोरं मागे लागायची. "खिसा तुला न्हाई, ठिणगीला पायजे. ती आत बसती आन् निवांत जाळती," असं म्हणून त्या मशीन सुरू करायच्या. तो विषय तिथेच संपायचा.

त्या वर्षी आमच्या स्नेहसंमेलनात आठवीच्या मुलांनी स्वतः नाटक लिहिलं होतं. एका डोंगरी राज्यात कोळसा नाही. तिथले लोहार ड्रॅगनच्या गुहेसमोर उभे राहतात, त्याच्या फुत्कारावर लोखंड तापवतात आणि ठोकतात. सामानाची यादी माझ्याकडे होती. तिच्यात "एप्रन – बारा, तपकिरी कापड, रंगवून" असं लिहून मी मार्थाबाईंकडे गेले.

"ड्रॅगनच्या तोंडापुढं कापडाचं एप्रन?" त्यांनी यादी परत माझ्या हातात दिली. "पोरांना जाळायचंय का?"

"अहो, नाटक आहे. ड्रॅगन पुठ्ठ्याचा आहे."

"एप्रन तर खरं दिसनार ना? मी खोटं एप्रन शिवत न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून त्या तालमीला येऊन बसायला लागल्या. ड्रॅगनची चौकशी त्यांनी नवीन भट्टीची करावी तशी केली. तो शिंकतो का, हे त्यांनी विचारलं. मुलं म्हणाली, शिंकतो. मग एप्रन गुडघ्याखाली वीतभर वाढला. त्याला पंख आहेत हे कळल्यावर म्हणाल्या, "म्हंजी आग वरनं बी येनार," आणि प्रत्येकासाठी मानेवर येणारी चामड्याची टोपी बेतली. मुलं हसली नाहीत. त्यांच्या राज्याला इतक्या गांभीर्याने घेणारं मोठं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटलं होतं.

नाटक बसत आलं तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "पाहुने कोन हाएत औंदा?"

मी यादीतून नाव वाचलं. गावाबाहेरच्या फाउंड्रीतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, गावात नुसतं 'साहेब' म्हणून ओळखले जाणारे गृहस्थ. मार्थाबाई दोरा ओवत होत्या. तो ओवून झाल्यावर म्हणाल्या, "तुमच्या नाटकात कपाट न्हाई."

"कशाला हवं?"

"ड्रॅगनचा काय दोस? आग त्याला देवानं दिली. पन एप्रनच्या कपाटाची चावी कुनाकडं हाय, ते दाखवा की."

मुलांना कल्पना आवडली. नाटकात एक कोठारप्रमुख आला. तो एप्रन कुलपात ठेवतो आणि राजाचा तपासनीस येणार असेल त्याच दिवशी बाहेर काढतो. मला ही गंमतच वाटली. रंगीत तालमीच्या आदल्या आठवड्यात मी मार्थाबाईंच्या घरी गेले. बघते तर बाराही नवे एप्रन त्यांनी चौकोनी घड्या घालून पाट्याखाली दाबून ठेवलेले. घड्या पडतील, त्यापेक्षा टांगून ठेवू या, असं मी म्हणाले.

"पडू द्या. त्यासाठीच दाबलेत."

मग त्यांनी ट्रंकेतून आणखी एक एप्रन काढला. त्यांच्या मालकांचा, म्हणजे नवऱ्याचा, याकोब यांचा. याकोब त्याच फाउंड्रीत ओतकाम करत. एप्रन मिळाल्याची सही सगळ्यांकडून घेतली जायची, पण एप्रन मात्र साहेबांच्या कपाटात असायचे. तपासणीच्या दिवशी ते अंगावर चढवायचे आणि संध्याकाळी घडी घालून परत द्यायचे. एका सकाळी वितळलेलं लोखंड उसळून याकोब यांच्या पोटावर आलं. तिसऱ्या दिवशी ते गेले. कागदावर लिहिलं गेलं की एप्रन दिलेला असूनही कामगाराने घातला नाही. पुरावा म्हणून साहेबांच्या ऑफिसने याकोब यांच्या डब्याबरोबर, चपलांबरोबर तो एप्रनही घरी पाठवला. पाठवणाऱ्याचं एका गोष्टीकडे लक्ष गेलं नव्हतं. त्या एप्रनवर ठिणगीचा एक डागही नव्हता, आणि त्याची घडी मोडलेली नव्हती.

"मी समद्यांना दाखवलं. कुनी बघितलं न्हाई. सासूबाई मरस्तवर म्हनायच्या, माझं पोरगं हलगर्जी निघालं. आईच म्हनती, मग गाव काय म्हनंल?"

त्या रात्री उशिरापर्यंत विचार करायची मला गरज पडली नाही. तिथेच यादी काढली. कपाटाचा प्रवेश खोडायला एक रेघ पुरली असती. मी लिहिलं, "कपाट – एक, कुलूप-किल्लीसह."

नाटकाच्या दिवशी मागच्या रांगांमध्ये फाउंड्रीतले बरेच जुने कामगार बसले होते. पुढच्या खुर्चीवर साहेब, गळ्यात हार. तपासनीस झालेली मुलगी आली, कपाट उघडलं, एप्रन वाटले गेले. उजेडात प्रत्येक पोटावर घड्यांचे चौकोन शेवटच्या रांगेपर्यंत दिसत होते.

"तुम्ही रोज आगीसमोर काम करता ना? मग एप्रनला घड्या कशा?"

"आमचे एप्रन कपाटात काम करतात, आम्ही बाहेर," एक लोहार म्हणाला.

मागून हसू आलं, पण ते मोकळं नव्हतं.

"चावी कोणाकडे असते?"

कोठारप्रमुखाने तोंड उघडायच्या आत प्रेक्षकांतून आवाज आला, "साहेबांकडं."

भाषणाला उठताना साहेबांचे कान लाल झाले होते. "मुलांनी काम छान केलं. पण गोष्ट एकतर्फी आहे," ते म्हणाले. "त्या प्रमुखाची अडचण कोणी समजून घेत नाही. एप्रन मिळतात मोजके. रोज वापरले तर चार महिन्यांत त्यांची चाळण होते. मग तपासणीला आम्ही दाखवायचं काय? कपाटात ठेवण्याशिवाय आम्हाला इलाज नव्हता."

ते थांबले. आपण काय बोललो हे त्यांना आमच्यानंतर कळलं.

विंगेत मार्थाबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या इतकंच म्हणाल्या, "सासूबाईंनी ऐकायला पायजे हुतं."

कार्यक्रम संपल्यावर साहेब विंगेत आले. "मार्थाबाई, मला तसं म्हणायचं नव्हतं."

"मग कसं म्हनायचं हुतं? परत म्हना. माईक अजून चालू हाय."

साहेब हार तिथेच ठेवून गेले. त्यानंतर गावात याकोब यांना कोणी हलगर्जी म्हटल्याचं मी ऐकलं नाही. पुढे एकदा मी मार्थाबाईंना म्हणाले की आता सोडून द्या, साहेबही थकलेत. मशीन न थांबवता त्या म्हणाल्या, "माफ करायला देव बसलाय. त्याला दुसरं काम काय हाय? मी माझं करते."

गेल्या वर्षी त्या आजारी पडल्या, आणि बऱ्या होणार नाहीत हे त्यांना आमच्या आधी कळलं. मला वही घेऊन बोलावलं. अंत्यविधीला चर्चमध्ये कोणती गाणी म्हणायची, मशीन कोणाला द्यायचं, सगळं सांगितलं. शेवटचं सावकाश लिहायला लावलं: "पेटीवर मालकांचं एप्रन टाका. फुलं नको. साहेब आले तर त्यांना पुढं बसवा."

साहेब आले. अंत्यविधीला फाउंड्रीतले सगळे आणि सगळं गाव आलं होतं, न येणं दिसलं असतं. मी त्यांना हाताने दाखवून पहिल्या बाकावर बसवलं. मग ट्रंकेतला एप्रन शवपेटीवर पसरला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच पूर्ण उलगडत होता. घड्या साहेबांच्या बरोबर समोर, हातभर अंतरावर उभ्या राहिल्या. कापड असो की चामडं, सुरकुती दिसली की ती सरळ करायला माझा हात आपोआप पुढे जातो. तसा तो गेला.

मी हात मागे घेतला आणि जागेवर जाऊन बसले.