पल्लवीचं मशीन आणि आमची अपडाऊनची गाडी

किस्से जमवावे लागत नाहीत हो! सीटखाली शेंगांची टरफलं साठतात तसे ते आमच्या गाडीत साठतात. टाकताना कोणी दिसत नाही, झाडायला घेतलं की सूपभर निघतात.

आम्ही मास्तरलोक रोज सकाळी गडचांदूरहून एका गाडीने जिवतीच्या डोंगरावर चढतो आणि संध्याकाळी उतरतो. याला आमच्याकडे अपडाऊन म्हणतात. गाडी गजूभाऊंची, चालवतातही तेच. त्यांच्या मागच्या सीटवर हेडसर, सगळ्यात मागे मी आणि पल्लवी. पल्लवी पहिलीच्या वर्गाची शिक्षिका, माझ्या मुलीच्या वयाची. मी आता रिटायरमेंटला आले, पण दुसऱ्याच्या डब्यात काय आहे ते पाहिल्याशिवाय मला अजूनही माझा डबा गोड लागत नाही.

गजूभाऊंचं एक आधीच सांगून ठेवते. अडचणीचा प्रश्न आला की हा माणूस एकच उत्तर देतो.

"भाऊ, भाडं काऊन वाढवलं?"

"मॅडम, मी गाडी चालवून राह्यलो."

"भाऊ, पोरीचं लग्न जमलं म्हणते?"

"मॅडम, मी गाडी चालवून राह्यलो."

वळणाचा घाट आहे, माणसाचं लक्ष रस्त्यावर हवं, म्हणून आम्हीही पुढे विचारत नाही.

यंदाचे सगळे किस्से मात्र एकाच वस्तूचे आहेत.

*

पल्लवी बाळंतपणाची रजा संपवून आली तेव्हा तिच्या मुलाचं उष्टावणही झालं नव्हतं. पोरगं फक्त आईच्या दुधावर. सकाळी घाटाखालच्या तिच्या गावी ती गाडीत बसायची, ते थेट दिवस मावळता मावळता घरी. मधे बाळाने काय करायचं?

तिच्या सासूबाईंकडे, म्हणजे अनसूयाकाकूंकडे, उत्तर तयार होतं. "तुह्यं दूध पातळ हाये. पोराचं पोट भरत नाई. डब्ब्याचं लाव."

काकूंनी जन्मभर म्हशी पाळल्या, दूध डेअरीला घातलं. त्यांनी पल्लवीच्या दुधाचा थेंब अंगठ्याच्या नखावर घेऊन बघितला होता. थेंब ओघळला. झालं, सून नापास! म्हशीची परीक्षा सुनेला लावली होती, पण त्यांना सांगणार कोण?

पल्लवी हे हसून सांगायची. एक दिवस मात्र हसता हसता थांबली आणि म्हणाली, "मॅडम, खरंच कमी असन का माह्यं?" मला फार वाईट वाटलं. या पोरीला एवढंच हवं होतं की आपल्याला दूध आहे तोवर ते आपल्या लेकराला मिळावं.

शाळेत दूध काढायला जागा नाही. दोन वर्ग आणि एक ऑफिस, ऑफिसच्या दाराला कडी नाही. म्हणून तिने मोबाईलवर शोधून एक पंप मागवला. हा कपड्याच्या आत घालायचा. नळी नाही, वायर नाही. वरून पदर घेतला की कोणाला पत्ता लागत नाही. किंमत मी दोनदा विचारून घेतली. "पटला नाई तं परत करता येते, मुदत हाये," ती म्हणाली.

म्हणजे ठरवायचं होतं. आणि ठरवायला मी होतेच!

*

खोका आम्ही येतानाच गाडीत उघडला. त्या दिवशी हेडसर मीटिंगला गेले होते. खोबऱ्याच्या मोठ्या वाटीएवढं मशीन, त्यावर दोन बटणं.

"हे ओढते म्हणजे किती ओढते?" मी विचारलं.

"काय मालूम."

मला राहवेना. मी ते आपल्या गालाला लावलं आणि म्हटलं, "दाब बटण."

पल्लवीने बटण दाबलं. कमी-जास्तीचं बटण कोणतं ते तिला अजून माहीत नव्हतं. मशीनने गाल असा धरला की मला बोलता येईना, आणि मी बोलत नाही म्हणजे मला आवडलं असेल असं समजून ती बंद करेना!

दुसऱ्या दिवशी गालावर हा एवढा लालभडक गोल. हेडसरांनी निरखून पाहिलं. "मॅडम, गांधीलमाशी चावली काय?"

मी म्हटलं, "हो सर."

हेडसर पोरांच्या बाबतीत फार दक्ष. त्यांनी सगळी शाळा बाहेर काढली आणि काठी घेऊन गांधीलमाश्यांचं पोळं शोधायला लागले. मी मनात देवाची माफी मागत होते.

पाण्याच्या टाकीमागे पोळं निघालं! चांगलं सुपाएवढं. दुसऱ्या दिवशी परिपाठात हेडसरांनी सगळ्यांना माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या.

*

पहिल्या दिवशी मशीनने काढलेलं दूध दोन चमचेही नव्हतं. पल्लवीने डबी वाकडी करून बघितली, सरळ करून बघितली आणि गाडीतच रडली. "सासूबाई खरं म्हणतात, मॅडम."

मी तिला आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टरकडे नेलं. सिस्टर तोंडाची फटकळ. तिने आधी मशीनची वाटी बघितली. "हे तुले मोठं होते. मापाचं नसन तं दुखन बी अन् दूध बी येनार नाई. मोजलं होतं का?"

मोजायचं असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही पोरांना पट्टीने रेषा मोजायला शिकवणाऱ्या बाया!

"अन् मशीनमधलं पाहून दूध किती हाये हे ठरवाचं नाई," सिस्टर पुढे म्हणाली. "लेकरू जसं ओढते तसं मशीन ओढत नाई. लेकराचं वजन वाढून राह्यलं ना? लघवी करते ना चांगली? मंग रडते कायले? हातानं काढाले बी शिक. मशीन बंद पडलं तं हात कुठी जातात?"

खोक्यातच वाटीत बसवायचं लहान मापाचं कडं होतं. कंपासपेटीतल्या पट्टीने मोजून आम्ही ते बसवलं. त्यानंतर दुखणं थांबलं आणि दूधही हळूहळू वाढलं.

*

संध्याकाळी लावण्याआधी मशीन शाळेत धुवायचं म्हणजे उकळत्या पाण्यात घालायचं. त्याचे तुकडे किती! वाटी, झाकण, पडदा, एक चोचीसारखी झडप. ती झडप एकदा नळाखाली वाहून जाता जाता मी पकडली.

खिचडी शिजवणाऱ्या शेवंताबाईंच्या चुलीवर आम्ही गंजभर पाण्यात ते तुकडे उकळायला ठेवले आणि वर्गावर गेलो. परत आलो तर शेवंताबाई पळीने ढवळत होत्या.

"मॅडम, बराच वेळ झाला, मऊ नाई होऊन राह्यलं. सोडा टाकू का?"

*

पंप लावायची खरी सोय गाडीतच. संध्याकाळी गाडी सुटली की पल्लवी पदराआड मशीन लावायची. आवाज कमी आहे असं खोक्यावर लिहिलं होतं. असेल. आमच्या गाडीत मात्र ऐकू यायचं. घुर्र फुस्स, घुर्र फुस्स.

हेडसरांनी कान टवकारले. "गजू, चाकाचं बेअरिंग गेलं वाटते. थांबव."

गाडी थांबली तशी पल्लवीने घाबरून मशीन बंद केलं. हेडसर खाली उतरले, चारी चाकांना लाथा मारल्या, वाकून पाहिलं. आवाज नाही. गाडी सुटली, मशीन सुरू. घुर्र फुस्स!

"थांबव!"

असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी हेडसर म्हणाले, "गजू, गाडी उभी राह्यली का आवाज बंद, चालली का चालू. हा आवाज कशाचा हाये?"

गजूभाऊंनी समोर बघत सांगितलं, "सर, मी गाडी चालवून राह्यलो."

घरी जाऊन हेडसरांनी बायकोला विचारलं असावं. कारण दुसऱ्या दिवसापासून ते मागची सीट सोडून पुढे गजूभाऊंच्या शेजारी बसायला लागले आणि घाट लागला की म्हणायचे, "गजू, गाणे लाव. मोठ्यानं."

त्याच दिवशी मी पाहिलं, मागचं दिसायचा आतला आरसा छताकडे वळवलेला होता. घाटातले खड्डेही गजूभाऊ आता असे चुकवायचे की माझ्या चहाचा कप हलत नव्हता. इतकी वर्षं आम्ही कंबर धरून बसायचो तेव्हा हे कौशल्य कुठे होतं?

*

एक दिवस वेळ वाचवावा म्हणून पल्लवीने मशीन वर्गातच लावलं. पहिलीचा वर्ग म्हणजे सगळा वेळ वाकणं. एका पोरीचा हात धरून पाटीवर 'क' गिरवून घ्यायला ती वाकली आणि मशीनमधलं सगळं दूध साडीवर सांडलं.

पोरीने पाटी खाली ठेवली. "बाई, तुमचं लेकरू आठवण काढून राह्यलं. माही माय म्हणते, असंच होते."

पल्लवी माझ्या वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहिली. डोळे भरलेले. त्या दिवशी एक ठरलं. मशीन ताठ बसलेल्या बाईचं आहे, वाकणाऱ्या बाईचं नाही. गाडीत चालेल, वर्गात नाही.

*

पण घरचा निकाल बदलेना. पल्लवी रोज बर्फाच्या पिशवीत स्टीलची डबी न्यायची. काकू ते दूध दुसऱ्या दिवशी बाळाला वाटी-चमच्याने पाजायच्या आणि संध्याकाळी सांगायच्या, "पाजलं बाप्पा. निळं पाणी हाये नुसतं." परत करायची मुदत संपत आली तेव्हा पल्लवी थकली. धुणं, उकळणं, डबी सांभाळणं आणि वर हे ऐकणं. ती म्हणाली, "उद्या मशीन वापस करतो, मॅडम. सासूबाईनं डब्बा आणून ठेवला."

मी समजूत घातली, पण ती ऐकेना.

त्यात त्या संध्याकाळी तिची डबी शाळेतच राहिली. मशीनमधलं दूध तिने माझ्याकडच्या काचेच्या शिशीत ओतून घरी नेलं.

सकाळी आम्ही तिच्या गावी पोचलो. पल्लवी खोका मांडीवर घेऊन गाडीत बसली. जरा उशीर होणार होता, कारण हेडसरांना कोणाचा तरी फोन आला होता आणि पुढे घाटात रेंज नाही. गजूभाऊंनी इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात टाकली.

तेवढ्यात अनसूयाकाकू पळत आल्या. कडेवर नातू, हातात शिशी. थेट फ्रीजमधून काढलेली. रात्रभर दूध स्थिर राहिलं होतं आणि काचेतून स्वच्छ दिसत होतं. वर पिवळसर साईचा जाड थर!

"खोका कुठी?" काकूंनी दारातून हात घातला, पल्लवीच्या मांडीवरचा खोका उघडला, मशीन काढून सगळ्यांदेखत तिच्या हातात ठेवलं. "हे घेऊन जाय. खोका मले दे, लसूण ठेवाले होते. पोरी, तू मले सांगतलं काऊन नाई?"

"काय सांगू?" पल्लवीने विचारलं. ती हसत होती की रडत होती, ते तिलाच ठाऊक.

"साय येते म्हून!"

मग काकू नातवासकट पुढे गेल्या. हेडसरांनी फोन कानाला तसाच धरून शेजारच्या कपाशीकडे तोंड फिरवलं. काकूंनी शिशी ड्रायव्हरच्या खिडकीतून आत घातली, अगदी गजूभाऊंच्या नाकासमोर.

"गजूभाऊ, तुह्या घरी बी म्हशी हायेत. तू सांग! माह्या सुनेचं दूध पातळ हाये का?"

गजूभाऊंनी बंद गाडीचं स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि रिकाम्या रस्त्याकडे एकटक बघत म्हणाले,

"काकू, मी गाडी चालवून राह्यलो!"