मोकळी जागा

"नवरीच्या मामाचं नाव कुठं हाय रं यात?" लोधिवलीचे मामा कळंबच्या लग्नघरात पत्रिका फडकवत ओरडत होते.

पत्रिका रचणारा आमचा शेजारी ओट्यावर निवांत उभा होता. ही स्वारी मुंबईत कागदाची मांडणी कशी करावी, ती डोळ्यांना कशी पटवावी, याचं एम.ए. करते. कुठलाही कागद हातभर लांब धरायचा, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "याला श्वासच नाही." एकदा माथेरानला दरीकडे पाठ करून पाटीवरच्या अक्षरांवर इतका बोलला, की भाड्याचा घोडा उभ्या उभ्या म्हातारा झाला.

आमच्याकडे पत्रिकेत अख्खी भावकी छापतात, पाळण्यातलं पोरसुद्धा निमंत्रक असतं. यानं सगळ्यांना हाकललं आणि कोपऱ्यात मुंगीएवढी वधूवरांची नावं ठेवली.

"मामा, मोकळी जागाच बोलते," तो एक डोळा मिटून म्हणाला.

मामा तडक घरी गेले. लग्नाच्या सकाळी नवरीचा बाप त्यांच्या दारात हात जोडून उभा राहिला. "पावनं, पोर रडतेय. मांडवात तिच्या मागं कोन उभं ऱ्हानार?"

मामा बशीतला चहा फुंकत म्हणाले, "मोकळी जागा उभी करा."