अकरा तास वीस मिनिटं

"खेळले किती, ते पह्यले सांगा भाऊ. खोटं नोका सांगू. तिकडं कंपनीवाले मिनिटं मोजून राहिले."

"खेळलोच नाही ना ताई. सुरूच झाला नाही, त खेळू कायले?"

"मंग हे अकरा तास वीस मिनिटं कोणाचे व्हय? माहे?"

करुणा सोमकुवरनं मोबाइल गुणवंताकडं फिरवला. गेमचं चित्र होतं, खाली आकडा होता. तेवढा वेळ हा माणूस गेममध्ये होता, असं कंपनीचं म्हणणं. आणि कंपनीचा नियम असा की चौदा दिवसांच्या आत मागितले आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असलं, तर पैसे वापस. बाकीच्यांनी समजून घ्यावं.

हा नियम करुणाला पाठ होता. मध्य प्रदेशातल्या सौंसरला रामाकोना रस्त्यावर टिनाच्या शेडात तिचं ऑनलाइनचं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन, अंगठ्याचं एक यंत्र आणि चार खुर्च्या. त्यातली एक खुर्ची जयवंता काकाची. काका पोस्टातून रिटायर झाले त्याला सहा वर्षं झाली, पण बसायची सवय रिटायर झाली नाही. दारावर बोर्ड आहे: समग्र आयडी, आधार, पॅनकार्ड, रेल्वे टिकट. त्याच्या खाली मार्करनं मागाहून लिहिलेलं: गेम चालला नाही त पैसे वापस.

ती ओळ तिच्या भावामुळं आली. करुणा मूळची सावरगावची. मायबाप दुसऱ्याच्या वावरात संत्रं तोडायचे. हिनं पांढुर्ण्यात कॉम्प्युटरचं पीजीडीसीए केलं, तीन वर्षं एका हापिसात आकडे भरले. तिथला साहेब 'बेटा, बेटा' म्हणायचा आणि पगार अर्धा द्यायचा. एक दिवस ती त्याला म्हणाली, "बेटा म्हनून राहिले त वावर माह्या नावावर करा, नाही त पगार पूर्ण द्या." दुसऱ्या दिवसापासून ती घरी. मग लग्न, सौंसर आणि हे दुकान. भाऊ अंकुशनं एक गेम घेतला, तो चालला नाही. अंकुश म्हणे, गेले पैसे. करुणा म्हणाली, "कंपनीचा कागद वाचला का?" कोणी वाचत असते का? तिनं वाचला, शेवटल्या ओळीपर्यंत, झेरॉक्स काढता काढता. आठव्या दिवशी पैसे आले. अंकुशनं ते चौकात सांगितलं आणि तेव्हापासून दोन तालुक्यांतले न चाललेले गेम तिच्या दारात येऊ लागले. पैसे आले तर पन्नास रुपये, नाही आले तर काही नाही. आजवर तिचा एकही रिफंड अडकला नव्हता, आणि ती हे दिवसातून दोनदा तरी सांगायची.

गुणवंता मात्र नवाच नमुना होता. वय बेचाळीस, राहणार रामाकोना, धंदा दुसऱ्याचा ट्रॅक्टर हाकणे. एका बंद पडलेल्या कोचिंग क्लासचा जुना कॉम्प्युटर त्यानं कांद्याच्या भावात उचलला होता. आणि घेतलेला गेम कोणता? तर ट्रॅक्टर हाकायचा.

"दिवसभर ट्रॅक्टरवर हाडं खिळखिळी करते, आन घरी येऊन पुन्हा ट्रॅक्टर?" जयवंता काका म्हणाले. "हलवाई घरी जाऊन जिलेबी खाते का बे?"

"काका, तुम्ही पाह्यला नाही तो. एसीचा कॅबिन हाय. वावर असं की नजर पुरत नाही. आन त्याच्यात धुराच नाही."

"धुरा नाही?"

"एकबी नाही. ना धुरा, ना धुऱ्याचं भांडण, ना तहसील."

काकांनी हातातला पेपर खाली ठेवला. धुरा, म्हणजे बांध, नसलेलं वावर त्यांनाही पटलं असावं.

"ते राहू द्या," करुणा म्हणाली. "अकरा तासाचं बोला."

मग खरं बाहेर आलं. गुणवंतानं सकाळी सहा वाजता गेम लावला. काळा पडदा आला आणि मधात एक गोल फिरू लागलं. पाच मिनिटं पाहिलं, दहा मिनिटं पाहिलं. मालकाच्या वावरात नांगरटी होती, थांबायला वेळ नव्हता. म्हणून तो तसंच चालू ठेवून निघून गेला. संध्याकाळी परत आला तेव्हाही गोल फिरतच होतं.

"बंद नाही केलं?"

"बंद कायले करू? मोटरपंपाले आपण ऑटो लावून ठेवतोच ना ताई. लाइन आली का मोटर आपोआप चालू होते. मले वाटलं, याचीही लाइन यायची हाय."

काका हसता हसता खोकलले आणि खोकता खोकता उठून बाहेर गेले. करुणा हसली नाही. तिनं आकड्याकडं एकदा पाहिलं, गुणवंताकडं एकदा पाहिलं.

"पैसे कोणाचे होते?"

इथं गुणवंताची मान खाली गेली. एकवीसशे नव्व्याण्णव रुपये वत्सलाचे, म्हणजे त्याच्या बायकोचे होते. ती घरी पिको-फॉल करते. मशीनला मोटर लावायची म्हणून तिनं ते खात्यात ठेवले होते. मधात तिचा मोबाइल बादलीत पडला आणि रिपेरिंगला गेला. तेवढ्या दिवसांपुरतं तिचं सिम गुणवंताच्या फोनमध्ये होतं. त्यावरून तिच्या खात्यातून गेम घेतला, पैसे गेल्याचा मेसेज आला तो त्यानं पुसून टाकला. आता फोन दुरुस्त होऊन घरी आला, सिम त्यात गेलं आणि शनिवारी वत्सला पांढुर्ण्याला मोटर आणायला जाणार होती.

"शनिवारच्या आत पैसे जिथचे तिथं गेले पाह्यजे ताई. तिनं खातं पाह्यलं, त मले घरात जागा नाही."

"पैसे ज्या खात्यातून गेले, त्याच खात्यात वापस येते. नियम हाय."

"मले तेच पाह्यजे."

करुणानं पहिला अर्ज टाकला. चार मिनिटांत नकार. चार मिनिटांत माणसाला चष्मा सापडत नाही, म्हणजे हे मशीननंच पाहिलं. तिनं दुसरा टाकला, जरा कडक इंग्रजीत. पुन्हा तोच नकार, स्वल्पविरामासकट तोच.

"आता जामसांवलीले नारळ फोड बावा," काका म्हणाले.

"मारुतीले दुसरे कामं हायेत काका," करुणा म्हणाली. "भाऊ, उद्या तो डब्बा इथं घेऊन या. आन तुमच्या मोटरीच्या स्टार्टरचा फोटो काढून आणा, ऑटोचा खटका दिसला पाह्यजे."

"स्टार्टरचा कायले?"

"आणा म्हणलं त आणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सीपीयू ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून आला. दुपट्ट्यानं बांधलेला, नवरदेवासारखा. करुणानं तो आपल्या पडद्याला जोडला, गेम लावला आणि समोर मोबाइल टेकवून दहा मिनिटांचा व्हिडिओ काढला. पडदा काळा, मधात गोल, बाजूला भिंतीवरचं घड्याळ. सातव्या मिनिटाला काकांचा आवाज: "हे दिवसभर असंच फिरते का? याच्यापेक्षा त आमचा साहेब जास्त काम करे."

मग ती लिहायला बसली. कडक इंग्रजी सोडून दिली. साधं लिहिलं: आमच्याकडं शेतीची लाइन ठरलेल्या वेळी येत नाही. म्हणून आम्ही मोटरचा खटका चालू ठेवून कामाला जातो, फोटो पाहा. या माणसानं तुमचा गेम तसाच चालू ठेवला. अकरा तास तो वावरात होता, खरा ट्रॅक्टर चालवत. तुमचा ट्रॅक्टर त्यानं अजून पाहिलेला नाही. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये गेमचं चित्र काढणारं कार्डच नाही, हे त्याला माहीत नव्हतं. व्हिडिओत बोलणारे काका आमचे आहेत, त्यांच्याकडं लक्ष देऊ नये.

एक दिवस गेला, काही नाही. गुणवंता तीन चकरा मारून गेला. मंगळवारी दुपारी उत्तर आलं, आणि या खेपेला खाली माणसाचं नाव होतं. लिहिलं होतं की फोटोतला मोटरीचा लोखंडी डबा आम्ही तिघांनी मिळून पाहिला, पैसे परत करत आहोत, पुढच्या वेळी कृपया दोन तासांच्या आत खटका बंद करावा.

करुणानं ते काकांना दोनदा वाचून दाखवलं. काकांनी माझं काय लिहिलं म्हणून विचारलं. काहीच नाही म्हटल्यावर त्यांना वाईट वाटलं.

गुरुवारी अकरा वाजता दुकानासमोर ऑटो थांबला. त्यातून वत्सला उतरली, हातात रिपेरिंग होऊन आलेला मोबाइल.

"बाई, हे पाहा ना जरा. एकवीसशे नव्व्याण्णव जमा म्हणते. मले कोण देऊन राहिलं पैसे?"

काकांनी पेपर तोंडासमोर धरला, उलटा. करुणानं मेसेज वाचला. ती कोणाच्या घरची चुगली करत नाही, पण दुकानात आलेला कागद खोटा वाचत नाही.

"तुमचेच व्हय ते. गेल्ते, वापस आले."

"गेल्ते कुठं?"

करुणानं गेमची जाहिरात लावून आपला फोन तिच्या हातात दिला. वत्सला खुर्चीवर बसली. हिरवा ट्रॅक्टर, एसीचा कॅबिन, नजर न पुरणारं वावर. तिनं सगळं शेवटपर्यंत पाहिलं.

"याच्यात डब्बा घेऊन बायको येते का वावरात?"

"नाही."

"निंदाले बाया?"

"नाही. कोणीच नाही."

"म्हणून घेतला रांडेच्यानं," वत्सला म्हणाली आणि फोन परत दिला. तिला राग आला होता, पण ओठाच्या कोपऱ्यात दुसरंही काही होतं. "मोटर त मी शनवारी आणतोच. आन मोटर आल्यावर तो कॉम्प्युटरचा डब्बा विकतो, त्याचे धागे घेतो. पण त्याले सांगू नोका मले समजलं म्हणून. शनवारपर्यंत भिऊ द्या."

"मी माह्या मनानं सांगत नाही काही."

दुपारी गुणवंता आला. कपाळावर धूळ, तोंडावर काळजी.

"आले का ताई?"

"आले. पन्नास काढा."

त्यानं नोट दिली, मोठा श्वास सोडला. मग एकदम थांबला. "ताई, जमा झाल्याचा मेसेज... तो कोणाच्या फोनवर जाते?"

"सिम ज्याचं, त्याच्या."

गुणवंता उभ्याचा बसला. "तुम्ही पह्यले काहून नाही सांगतलं?"

"तुम्ही पैसे वापस मागतले भाऊ. लपवून मागतले असते, त मी घेतलंच नसतं ते काम."

"मंग तिनं पाह्यला का?"

"घरचं घरी विचारा."

"आज सकाळी भाजी चांगली केल्ती तिनं," गुणवंता स्वतःशीच म्हणाला. आणि तेच आठवून तो जास्त घाबरला.

काका पेपर सरळ करत होते. दारात समग्र या सरकारी कुटुंब नंबरच्या केवायसीसाठी चार बाया ताटकळत होत्या, पुढच्या मावशीच्या हातात वांग्याची पिशवी.

"उठा भाऊ, खुर्ची द्या," करुणा म्हणाली आणि यंत्राची काच पदरानं पुसली. "या मावशी. आधार काढा. अंगठा पुसून घ्या पह्यले, वांग्याचा डाग हाय त्याले. हं, ठेवा. दाबू नोका. नाही घेतला, पुन्हा ठेवा."